कोल्हापूर ते नागपूर: विमानतळांमधलं अंतर ७०२ किलोमीटर, मग तिकिटावर दीड तास का?

तुमच्या प्रश्नात आकडे बरेच आलेत, म्हणून आधी ते एका जागी मांडते. आईवडिलांना कोल्हापूरहून विमानाने नागपूरला आणि तिथून रेल्वेने भंडाऱ्याला पाठवायचं आहे. एका संकेतस्थळावर दोन विमानतळांमधलं अंतर ७०२ किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ ५३ मिनिटं दिसला. दुसऱ्यावर अंतर तेच, पण वेळ १ तास २३ मिनिटं. तिकिटावर सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळेत दीड तास. पोहोचण्याच्या छापील वेळेनंतर सव्वा तासाने नागपूर स्टेशनवरून गाडी आहे. उड्डाण खरं ५३ मिनिटांचंच असेल तर विमान अर्धा तास आधी उतरेल आणि गाडी आरामात मिळेल, असा तुमचा हिशोब.

त्या गाडीच्या भरवशावर राहू नका. कारण पुढे सविस्तर सांगते, पण निर्णय आजच घ्यायचा असेल तर एवढं पुरेसं आहे.

मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. उड्डाणाआधी मार्ग, उंची, वारा, इंधन आणि पर्यायी विमानतळ यांचा हिशोब मांडून तो वैमानिकाच्या हाती देणं हे आमचं काम. लहान शहरांना जोडणाऱ्या फेऱ्या बरीच वर्षं माझ्या टेबलावरून जात आल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा प्रश्न अंतराचा नाहीच. अंतर तुम्हाला बरोबर मिळालंय. त्या अंतराला जेटच्या वेगाने भागलं की प्रवासाचा वेळ मिळतो, या समजुतीत गोची आहे. लांबच्या प्रवासात ही समजूत थोडीफार चालून जाते. दोन प्रादेशिक विमानतळांमध्ये ती हमखास फसवते.

आधी अंतर. ते तुम्हाला कागद-पेन्सिलीवरही काढता येईल. कोल्हापूरचा विमानतळ साधारण १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे, नागपूरचा २१.०९ आणि ७९.०५ वर. अक्षांशांतला फरक ४.४३ अंश. रेखांशांतला फरक ४.७६ अंश, पण उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं एकमेकांच्या जवळ येत जातात, म्हणून या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे इथे सुमारे ०.९४६ ने, गुणायचं. उरतात ४.५ अंश. आता शाळेतला पायथागोरस लावा: कर्ण येतो सुमारे ६.३१ अंश. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल आणि एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. उत्तर ३७९ सागरी मैल, म्हणजेच ७०२ किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे मुंबई-न्यूयॉर्कसारख्या प्रवासाला ही पद्धत चालणार नाही, तिथे गोलावरचं गणित लागतं. महाराष्ट्राच्या आतल्या अंतरांत मात्र चूक एखाद-दुसऱ्या किलोमीटरच्या वर जात नाही.

ही रेषा नकाशावर ओढून बघा, फार देखणी आहे. कोल्हापूरहून जवळजवळ नेमक्या ईशान्येला निघते, पंढरपूरच्या अगदी जवळून, धाराशिवच्या किंचित उत्तरेने, अंबाजोगाईच्या बाजूने, पुढे हिंगोली आणि नांदेडच्या मधून, यवतमाळ आणि वर्ध्याला जवळपास स्पर्श करत नागपुरात. रेल्वे असं जाऊ शकत नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, सातारा, पुणे, दौंड करत मनमाडला चढते आणि मग भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेते. म्हणून तिचं अंतर हजार किलोमीटरच्या बरंच वर जातं आणि जवळपास अख्खा दिवस जातो. विमानाचा खरा फायदा वेगाइतकाच या वाचलेल्या वळशात आहे.

पण विमानही त्या रेषेवरून तंतोतंत जात नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात, त्यांवर नाव दिलेले बिंदू असतात, आणि फ्लाइट प्लॅन म्हणजे त्या बिंदूंची माळ. वाटेत हवाई दलासाठी राखलेली क्षेत्रं लागतात. पुण्याचा लोहगाव हा तर हवाई दलाचाच तळ. ही क्षेत्रं काही वेळा मोकळी मिळतात, काही वेळा नाही. शिवाय धावपट्टीची दिशा आहे. कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य अशी आहे. पूर्वेकडे तोंड करून उड्डाण केलं तर विमान थोडंसं डावीकडे वळून लगेच नागपूरच्या वाटेला लागतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि विमान शक्यतो वाऱ्याला तोंड करूनच उड्डाण घेतं, त्यामुळे तेव्हा आधी पश्चिमेकडे उडून मग मागे वळावं लागतं. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे, म्हणजे नैऋत्येकडून येणाऱ्या विमानाला उतरताना कुठल्याही बाजूने जवळपास काटकोनात वळायचंच आहे. हे सगळं धरून मी या मार्गासाठी ७०२ ऐवजी ७३० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३९५ सागरी मैल धरेन. फरक मोठा नाही. अंतर हा या गोष्टीतला सगळ्यात साधा भाग आहे.

वेळ कुठे जातो ते आता बघू. ५३ मिनिटं हा आकडा ७०२ ला ताशी ८०० किलोमीटरने भागून आलाय. १ तास २३ मिनिटं म्हणजे त्याच ५३ मध्ये सरसकट अर्धा तास मिळवलाय. दोन्ही आकडे यंत्राने कुठल्याही दोन ठिकाणांसाठी असेच काढलेले असतात. तिथे विमान कोणतं उडतं, उडतं की नाही, हेसुद्धा त्यात बघितलेलं नसतं. दुसरा आकडा खऱ्याच्या जवळ येतो, कारण उड्डाणातला बराच वेळ अंतरावर अवलंबून नसतो आणि तो अर्धा तास त्या न बदलणाऱ्या भागाचा ढोबळ अंदाज आहे.

७०-८० आसनांचं लहान जेट, समजा एम्ब्रेअर १७५, या मार्गावर ३१,००० फुटांवरून जाईल असं धरू. ही उंची उगाच निवडलेली नाही. पूर्वेच्या बाजूला जाणाऱ्या विमानांना विषम हजारांची उंची देतात, २९, ३१, ३३ अशी, आणि पश्चिमेला जाणाऱ्यांना सम हजारांची, म्हणजे समोरासमोरची विमानं कधीच एका पातळीवर येत नाहीत. तिथवर चढायला साधारण १८ मिनिटं आणि सुमारे १०० सागरी मैल लागतात. १०,००० फुटांच्या खाली वेग २५० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आत ठेवायचा असतो, म्हणून चढण्याची आणि उतरण्याची सुरुवातीची-शेवटची मिनिटं संथ असतात. उतरण्याचा आमचा ढोबळ नियम असा: दर हजार फुटांना तीन मैल. ३१,००० फुटांवरून खाली यायला पुन्हा ९०-१०० मैल, २० मिनिटं. म्हणजे ३९५ पैकी २०० मैल चढण्या-उतरण्यातच गेले. उरलेले १९५ मैल विमान ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने कापतं, आणि त्याला लागतात फक्त २७ मिनिटं. धावपट्टीशी जुळवून घेण्याची पाच मिनिटं मिळवली की हवेतला वेळ सुमारे ७० मिनिटं होतो.

आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, विमानाचं वजन आणि त्या दिवसाची हवा यांनुसार थोडे हलतील. मुद्दा हलत नाही. ज्या वेगाने संकेतस्थळ अख्खा प्रवास भागतं, त्या वेगाने विमान अर्धा तासही उडत नाही.

हेच एटीआर ७२ असेल तर चित्र बदलतं. हे पंख्याचं, टर्बोप्रॉप विमान. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि ते २५,००० फुटांच्या वर जातच नाही. अशा मार्गावर १७-१९ हजार फुटांवर राहतं. कमी उंचीमुळे चढण्या-उतरण्यात कमी वेळ जातो, पण मधला टप्पा लांबतो. याच मार्गावर त्याला हवेत १०० मिनिटांच्या आसपास लागतील. म्हणजे जेटपेक्षा अर्धा तास जास्त. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघा, तो बुकिंगच्या पानावर बहुतेक वेळा दिलेला असतो. कंपन्या कधी कधी विमान बदलतात, तेव्हा तिकिटावरच्या वेळाही बदलून येतात. तसा संदेश आला तर तो नीट वाचा.

अंतर कमी असेल तर जेट आणि एटीआरमधला हा फरक पुसट होतो. कोल्हापूर-मुंबई सरळ रेषेत अवघं ३०९ किलोमीटर आहे. नुसत्या भागाकाराने २३ मिनिटं! प्रत्यक्षात वेळापत्रकात तासभर किंवा थोडा जास्तच धरावा लागतो. एवढ्या अंतरात जेटला पूर्ण वेग गाठायला जागाच मिळत नाही, चढून होतं न होतं तोच उतरायला सुरुवात. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि उतरण्यासाठी रांग लागते. विमानाला आकाशात घिरट्या घालायला लावतात, किंवा दूर असतानाच वेग कमी करायला सांगतात. नागपूरला जायचं अंतर मुंबईच्या दुपटीहून जास्त, पण वेळ दीडपट. दोन विमानतळांमधलं अंतर बघून प्रवासाचा अंदाज बांधणाऱ्यांना हा हिशोब नेहमी चकवतो.

आता वारा. हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा थांबते. हिवाळ्यात विदर्भाच्या वर, ३० हजार फुटांवर, पश्चिमेचा वारा जोरात असतो. ५०-६० नॉट असला तर आम्हाला नवल वाटत नाही. नागपूरला जाताना विमान ईशान्येला चाललेलं असतं, म्हणून हा वारा तिरका मागून येतो आणि त्यातला सुमारे ४० नॉटचा भाग विमानाला पुढे ढकलतो. परत येताना तोच वारा तेवढाच अडवतो. मधल्या वेगवान टप्प्यात त्याने पाचेक मिनिटांचा फरक पडतो, चढण्या-उतरण्यातलं धरलं तर थोडा जास्त. म्हणून एकाच मार्गावर जाण्याची आणि येण्याची छापील वेळ वेगळी दिसली तर ती छपाईची चूक समजू नका.

पावसाळ्यात मात्र गंमतच होते. खाली, ढगांच्या पातळीवर, नैऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून येत असतो. वर, जेट विमानांच्या उंचीवर, वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये नागपूरला जाणाऱ्या जेटला वारा समोरून लागू शकतो, आणि खालच्या उंचीवरचं एटीआर त्या दोन प्रवाहांच्या सांध्याजवळ, मंद वाऱ्यात उडतं. वाऱ्याचा जोर रोज बदलतो, म्हणून आम्ही प्रत्येक उड्डाणासाठी ताजा अंदाज घेऊन हिशोब नव्याने करतो. गेल्या आठवड्यात कुणाला किती वेळ लागला हे ऐकून पुढच्या महिन्याचा अंदाज करू नका.

वाऱ्यापेक्षा जास्त मिनिटं ढग खातात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर मराठवाडा आणि विदर्भात वळवाचे उंच ढग उभे राहतात. त्यांच्यातून विमान नेत नाहीत, बाजूने नेतात. एकेका वळशाला पाच-सात मिनिटं सहज जातात. उतरण्याच्या ठिकाणीच वादळ असेल तर ते सरकेपर्यंत वाट बघावी लागते. त्यासाठीचं इंधन आम्ही आधीच भरलेलं असतं: पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतकं, आणि त्याच्याही वर अर्धा तास हवेत थांबता येईल इतकं. कोल्हापूरला ढग खाली आले तर पर्याय जवळ आहेत, बेळगाव सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे. नागपूरला तसं नाही, पर्याय म्हणून हैदराबाद, रायपूर किंवा संभाजीनगर धरावं लागतं. म्हणून नागपूरची हवा खराब असेल तर बऱ्याचदा विमान कोल्हापूरहून उशिरा सोडणंच शहाणपणाचं ठरतं. प्रवाशांना हा उशीर निष्काळजीपणा वाटतो. हवेत अडकण्यापेक्षा जमिनीवर थांबणं केव्हाही बरं.

आणि जमिनीवरची मिनिटं. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ, हवेत जाण्याची नाही. पोहोचण्याची वेळ म्हणजे विमान जागेवर येऊन थांबण्याची, चाकं टेकण्याची नाही. या दोन्हींमधल्या वेळाला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. अनेक लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमान जमिनीवरून नेण्याची वेगळी वाट, नसतो, तेव्हा विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन, तिथे वळून उड्डाण करावं लागतं. तेवढ्यात दुसरं विमान उतरणार असेल तर ते उतरेपर्यंत थांबावं लागतं. कोल्हापूरकडे सात-आठ मिनिटं, नागपूरकडे पाचेक मिनिटं धरा. हवेतली ७० आणि जमिनीवरची १२-१३ मिळून ८२-८३ मिनिटं होतात. वेळापत्रक आखणारे त्यावर थोडी सैल जागा ठेवतात, कारण तेच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं आणि एका फेरीचा उशीर पुढच्या सगळ्यांवर पडतो. झाला तुमचा दीड तास.

इथवरचं थोडक्यात असं: ५३ मिनिटं हा नुसता भागाकार आहे, ७० मिनिटं हवेतली, ८२-८३ मिनिटं विमानाचं दार बंद झाल्यानंतरची, आणि ९० मिनिटं कंपनीने दिलेला शब्द. सगळं सुरळीत झालं तर आईवडील छापील वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी नागपुरात थांबतील. अर्धा तास आधी नाही.

या छापील वेळेचा प्रवाशाला आणखी एक उपयोग आहे, जो फार जणांना माहीत नसतो. विमान वाहतूक महासंचालनालयाचे प्रवाशांच्या हक्काचे नियम किलोमीटरवर नाही, ब्लॉक टाइमवर ठरतात. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तासांच्या उशिरानंतर खाणंपिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. विमान न कळवता रद्द झालं आणि कारण कंपनीच्या ताब्यातलं असेल, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये आणि एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांत जे कमी असेल ती भरपाई मिळते. तुमचं उड्डाण दुसऱ्या गटात येतं. हवामानामुळे रद्द झालं तर ही भरपाई नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान हा पर्याय द्यावाच लागतो. आणि पुढची रेल्वे चुकली तर तिची जबाबदारी विमान कंपनीवर येत नाही. ते तिकीट तुमचं वेगळं आहे.

किलोमीटर कुठेच उपयोगी नाहीत असं मात्र नाही. लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत २०१७ मध्ये विमानं सुरू झाली तेव्हा सुमारे ५०० किलोमीटरच्या किंवा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची भाडेमर्यादा होती, आणि मर्यादा मार्गाच्या लांबीच्या टप्प्यांनुसार ठरवलेल्या होत्या. सरकारी हिशोबात सरळ अंतर अजूनही महत्त्वाचं आहे. प्रवाशाने मात्र घड्याळाकडेच बघावं.

आता काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगते. प्रवासाची तारीख तुम्ही लिहिलेली नाही, आणि उत्तर बरंचसं तिच्यावर आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे सकाळी धुकं असतं. तुमचं विमान त्या दिवशी आधी उत्तरेकडच्या एखाद्या शहरातून येणार असेल, तर कोल्हापुरात लख्ख ऊन असूनही उशीर होईल. मे महिन्यात कोल्हापूरच्या दुपारी वेगळी अडचण येते. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे, हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही उतरतो. धावपट्टी मोठ्या विमानतळांच्या मानाने आखूड, म्हणून जेटला काही वेळा वजन कमी करून निघावं लागतं. अशा दिवसांत सकाळचं विमान असेल तर तेच घ्या. संध्याकाळच्या विमानाचा आणखी एक धोका: लहान विमानतळांचे कामाचे तास ठरलेले असतात. फेरी फार लांबली आणि ते तास संपले, तर वाढवून घेण्याची परवानगी प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, आणि वैमानिकांच्या ड्युटीलाही मर्यादा असते.

प्रवासाच्या दिवशी करायची एक गोष्ट. उड्डाण दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपवर तुमच्या फेरीचं विमान आधी कुठून येतंय ते बघा. ते अजून मागच्या शहरातून निघालंच नसेल, तर फलकावर ‘वेळेवर’ दिसलं तरी विश्वास ठेवू नका. मागचं विमान कोल्हापुरात टेकल्यापासून पुढे निघेपर्यंत किमान २५-३० मिनिटं लागतातच.

आता आईवडिलांचा प्रवास. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, शहरापासून नऊ-दहा किलोमीटर. बॅगा जमा करण्याची खिडकी कंपनीनुसार सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होते. ज्येष्ठ मंडळींनी दीड ते पावणेदोन तास आधी पोहोचलेलं बरं, त्याहून लवकर जाण्याची गरज नाही. नागपुरात विमान थांबल्यावर उतरायला १०-१५ मिनिटं, बॅगा यायला १५-२०, सोनेगावच्या विमानतळाहून रेल्वे स्टेशनपर्यंत गर्दीनुसार अर्धा तास, आणि स्टेशनात फलाटापर्यंत पोहोचायला १०-१५. बेरीज ६५ ते ८० मिनिटं. तुमच्याकडे आहेत ७५. म्हणजे विमान अगदी वेळेवर आलं तरीही पळापळ, आणि वीस मिनिटं उशीर झाला तर गाडी गेलीच. मेट्रो आहे, पण विमानतळाचं स्थानक वर्धा रोडवर आहे आणि रेल्वे स्टेशनला जायला सीताबर्डीला मार्गिका बदलावी लागते. बॅगा घेतलेल्या वयस्कर माणसांना ती मी सुचवणार नाही. वेगळ्या तिकिटांवरच्या पुढच्या गाडीसाठी मी घरच्या माणसांना तीन तास मोकळे ठेवायला सांगते, पावसाळ्यात चार.

खरं तर इथे रेल्वेची गरजच नाही असं मला वाटतं. भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, भंडारा शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब, म्हणजे गाडीतून उतरून पुन्हा रिक्षा शोधायची. नागपूरहून भंडारा रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर आहे आणि महामार्ग चांगला आहे. विमानतळावरूनच टॅक्सी केली तर दीड-पावणेदोन तासांत ते घराच्या दारात असतील. विमानाला उशीर झाला तर टॅक्सीवाल्याला फोन करता येतो.

तिकीट काढताना आसनाकडेही लक्ष द्या. एटीआरमध्ये प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं, म्हणून त्यांच्यासाठी मागच्या रांगा घ्या; एम्ब्रेअर असेल तर पुढच्या. लहान विमानतळांवर बहुधा शिडीनेच चढायचं असतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हीलचेअरची नोंद बुकिंगच्या वेळीच करा आणि पायऱ्या चढता येत नाहीत हे त्यात स्पष्ट लिहा, म्हणजे चढवण्याची सोय कंपनी आधीपासून करून ठेवेल. तारीख आणि विमानाचा प्रकार कळवलात तर त्या दिवसांतल्या वाऱ्याचा आणि हवेचा अंदाज मी सांगू शकेन.